तिसऱ्या मजल्यावरच्या थुंग आक्कांना घराबाहेर काढण्याबाबत

कीलुंग, बुधवार, जेवणानंतर
(बाहेर पाऊस आहे, हे कीलुंगहून लिहिताना वेगळं सांगायला नको.)

तीर्थरूप दाजी,

तुम्हाला आणि शिऊयुन ताईला शी-मूचा वाकून नमस्कार. कंबर जेवढी परवानगी देते तेवढा वाकलो आहे, उरलेलं मनाने समजून घ्यावं. तुमच्या गुडघ्यातलं पाणी काढलं का? ताईचा खोकला तुमच्या लोतुंगच्या हवेने बरा झाला, की अजून ती कोवळ्या आल्याचा काढा पिते आणि पिताना तुमच्याकडे रागाने बघते? चिन-फंगने पाठवलेली सुकट पोचली असेल. डबा परत पाठवायची घाई नाही असं ती म्हणते. (पण रोज म्हणते, म्हणजे काय ते तुम्ही समजा.) आम्ही दोघं ठीक आहोत. म्हणजे मी ठीक आहे असं चिन-फंग म्हणते आणि ती ठीक आहे असं मी म्हणतो. स्वतःबद्दल दोघांनाही खात्री नाही.

तुमचं पत्र मिळालं. ‘म्हातारीचं काय केलंस? एका ओळीत कळव,’ असं तुम्ही लिहिलंय. मी चार दिवस ती एक ओळ लिहायला बसतोय. सगळ्यात चांगली जमलेली ओळ अशी होती: ‘त्या अजून तिथेच आहेत, चूक तशी माझी नाही, आणि मुळात चूक झाली आहे का हेही मला नीट कळलेलं नाही.’ ही पाठवली असती तर तुम्ही पुढची गाडी पकडून इकडे आला असतात. म्हणून सगळं सविस्तर लिहितो. चष्मा लावून, चहा घेऊन वाचावं.

दाजी, छत्तीस वर्षं मी बंदरात क्रेन चालवली. वरून बघितलं की जगात दोनच गोष्टी असतात, उचलायचा डबा आणि डबा ठेवायची जागा. निवृत्त झालो तेव्हा तुम्हीच म्हणालात, ‘शी-मू, पैसा बँकेत झोपवू नकोस, घर घे आणि भाड्याने दे. तुझंच काम आहे ते, फक्त डब्याऐवजी माणूस ठेवायचा.’ मला ते पटलं. डबा कधी फोन करून नळ गळतोय म्हणून सांगत नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मग देवळामागच्या चार मजली इमारतीतलं तिसऱ्या मजल्याचं घर घेतलं आणि तुम्ही स्वतःच्या अक्षरात सतरा सूचना लिहून पाठवल्यात. त्या मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवल्या. रोज शर्ट काढताना वाचतो. पक्क्या नोकरीचा माणूस बघ. नोकरीचा कागद घे. प्रत्येक भिंतीचा फोटो तारखेसकट काढ. गळती दिसली की त्याच दिवशी माणूस बोलाव. भाडेकरूकडे बसू नकोस, खाऊ नकोस, त्याच्या आईची तब्येत विचारू नकोस. आणि पासष्टच्या वरचा माणूस दारातसुद्धा उभा करू नकोस, कारण आत कोणी मेलं की घराला नाव पडतं, मग भाड्यानेही जात नाही आणि विकलंही जात नाही.

पहिला भाडेकरू चुआंग मी तुमच्या सूचनांप्रमाणेच घेतला, हे तुम्ही मान्य कराल. वय अठ्ठावीस, दात पांढरे, कंपनीचं पत्र, पगाराचा कागद. फक्त ती कंपनी नेमकं काय करते हे विचारायचं राहिलं (तुमच्या सतरांत ते नव्हतं). तो घरात बसून मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर बायकांचे कपडे विकायचा. सकाळपासून ओरडायचा, ‘ताई, शेवटचे तीन पीस!’ खालच्या मजल्यावरच्या बाईंनी माझ्याकडे पाच वेळा तक्रार केली आणि त्याच्याकडून अकरा ब्लाऊज घेतले. मी दर महिन्याला भिंती तपासायला जायचो, पण भिंतीभर कपडे टांगलेले, त्यामुळे मी दर महिन्याला कपडे तपासून यायचो. चांगले होते. नऊ महिन्यांनी तो मोठं घर मिळालं म्हणून गेला, कपडे उतरले, आणि मागची अख्खी भिंत फुगून पांढऱ्या भुकटीने भरलेली निघाली. भिंतीचा कॅन्सर म्हणतात इकडे, आणि म्हणताना आवाजही तसाच खाली आणतात. शिवाय तीन बिनमुंडक्याचे पुतळे बाल्कनीत ठेवून गेला. ते कोणाचे, त्यांचं काय करायचं, मला आजही माहीत नाही. दोन दिले. एक अजून आहे.

घर रिकामं झालं ते नेमकं पंचांगाच्या सातव्या महिन्यात. भुतांचा महिना. त्यात कोण घर बदलतो? दलालाने तर फोन उचलणंच बंद केलं. आणि एका दुपारी मी भिंतीसमोर स्टुलावर बसून कॅन्सरकडे बघत असताना उघड्या दारातून एक बाई आत आल्या. हातात छत्री, पायात रबरी बूट, उंची माझ्या खिशापर्यंत. मला वाटलं, चुआंगचा ब्लाऊज परत करायला आल्या असतील.

त्यांनी मला नमस्कारही केला नाही. सरळ मोरीत गेल्या, नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला. खिडकीच्या चौकटीवर नख मारून बघितलं. मग माझ्यासमोर येऊन म्हणाल्या, ‘वरच्या मजल्यावर कोण राहतं?’

मी सांगितलं, शिक्षिका आहेत.

‘अंघोळ किती वाजता करतात?’

आता दाजी, हे मला कसं माहीत असणार? तसं म्हटलं, तर त्या म्हणाल्या, ‘मग तू घरमालक कसला? पाणी वरून येतंय. भिंत बाहेरून आजारी नाही, वरून आहे.’

त्या थुंग आक्का. वय आता एकोणऐंशी. चाळीस वर्षं बंदराच्या मागे त्यांच्या मालकीच्या सात खोल्या होत्या, खलाशांना भाड्याने द्यायच्या. मुलाने इमारत विकली आणि कॅनडात जाऊन चहाचं दुकान काढलं. दुकान चालतं म्हणे, पत्रं चालत नाहीत. त्या राहत होत्या ती खोली महिनाअखेर सोडायची होती आणि चौदा मालकांनी नकार दिला होता. हे सगळं त्यांनी रडत सांगितलं असतं तर मी तुमची सूचना आठवून नाही म्हटलं असतं, शपथेवर सांगतो. पण त्यांनी ते बाजारातून काय काय आणलं हे सांगावं तसं सांगितलं. शेवटचा उपाय म्हणून मी म्हणालो, ‘आक्का, भुतांचा महिना आहे, या महिन्यात घर बदलू नये.’ तर म्हणाल्या, ‘या वयात मला भुतांची भीती घालू नकोस. त्यातली निम्मी माझ्या ओळखीची आहेत.’

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. नंतर काय झालं ते मला सलग आठवत नाही. संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा माझ्या हातात एक वर्षाचा करार होता, त्यावर सहीच्या जागी दोघांचे शिक्के होते, आणि अक्षर त्यांचं होतं. चिन-फंगने वाचून विचारलं, ‘अहो, यात सगळ्या अटी घरमालकालाच कशा?’ मी पुन्हा वाचला. खरंच होतं. घरमालकाने न सांगता यायचं नाही. घरमालकाने मोठ्याने बोलायचं नाही. भिंत घरमालकाने स्वतः खरवडायची, कारण कारागीर वरवर खरवडतात.

म्हणून गेलं वर्षभर दर बुधवारी मी तिथे जातो. आधी भिंत खरवडली. मग वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकेकडे आक्का मला घेऊन गेल्या, आणि मी ज्या पाइपबद्दल भांडायला शब्द जुळवत होतो तो त्या बाईंनी स्वतःहून बदलायचं कबूल केलं, वर आम्हाला पेरू दिले. मग रंग. मग खिडकीला रबर. मी काम करतो, आक्का स्टुलावर बसून सांगतात, आणि काम झाल्यावर मुळ्याचं सूप वाढतात. खाऊ नकोस असं तुम्ही लिहिलंय, मान्य आहे. पण स्वतः रंगवलेल्या स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच भाडेकरूकडून उपाशी कसं परत यायचं, याबद्दल सतरांत काही नाही. भिंत आज कोरडी आहे, दाजी. कीलुंगमध्ये कोरडी भिंत! खालच्या बाई ती बघायला पाहुण्यांना घेऊन येतात.

आता मुख्य गोष्ट. यंदाच्या सहाव्या महिन्यात तुमचं ते चार पानी पत्र आलं: करार संपतोय, म्हातारीला काढ, नाहीतर ती तिथेच मरेल आणि तुझं घर तिच्याबरोबर जाईल. मी ते रेनकोटच्या खिशात ठेवलं. मी ठरवत होतो. (चिन-फंग म्हणते मी ठरवत नव्हतो, टाळत होतो. दोन्ही करताना तोंड सारखंच दिसतं.) बुधवारी मी भिजून आक्कांकडे पोचलो. त्यांनी रेनकोट घेतला आणि मी मोरीचं झाकण बसवायला आत गेलो. बाहेर आलो तर बाल्कनीतल्या दोरीवर रेनकोट वाळत होता आणि त्याच्या शेजारी तुमचं पत्र, चारही पानं, एकेक चिमटा लावून, क्रमाने.

मी बघतोय हे बघून आक्का म्हणाल्या, ‘तुझ्या दाजींचं अक्षर छान आहे.’

बस. एवढंच. त्यांनी वाचलं की नुसतं अक्षर बघितलं? अक्षर बघितल्याशिवाय वाचता येत नाही हे ठीक, पण वाचल्याशिवाय अक्षर बघता येतं का? सूप नेहमीसारखंच वाढलं. मुळा जरा कमी होता असं मला वाटलं, पण त्या आठवड्यात मुळा महाग होता. घरी येईपर्यंत मी ठरवलं की वाचलेलं नाही. झोपेपर्यंत ठरवलं की वाचलंय.

पुढच्या बुधवारी दहाला गेलो. बेल वाजवली, कोणी नाही. हाक मारली, नाही. खालच्या बाई म्हणाल्या, काल सकाळपासून पावलांचा आवाज नाही. दाजी, खोटं लिहीत नाही. माझ्या मनात पहिलं आलं ते घराचं. नाव पडणार, विकलं जाणार नाही, दाजी काय म्हणतील. आक्का माझ्या मनात दुसऱ्या आल्या. त्या जिन्यात उभा राहून मला माझीच लाज वाटली.

किल्ली खिशात होती, पण चोवीस तास आधी लेखी सूचना दिल्याशिवाय आत जायचं नाही हा नियम. तो तुमचाही आहे आणि करारात आक्कांचाही. म्हणून मी खालच्या बाईंकडून कागद मागितला, त्यावर लिहिलं, ‘घरमालक साडेदहा वाजता घरात प्रवेश करील,’ दाराला चिकटवला आणि घरी आलो. चिन-फंग कांदापात चिरत होती. तिला सगळं सांगितलं. तिने सुरी खाली ठेवली.

‘अहो, नोटीस वाचायला ती बाई जिवंत नको का?’

मग आम्ही दोघं पळालो. तीन जिने माझ्या गुडघ्यांनी कसे चढले ते त्यांनाच माहीत. दार उघडलं. आत कोणी नव्हतं. अंथरूण घडी करून ठेवलेलं, ओटा पुसलेला, रबरी बूट जागेवर नाहीत. आणि भिंतीवरची त्यांच्या नवऱ्याची तसबीर काढलेली, फक्त खिळा राहिलेला. बाई फिरायला जाते तेव्हा नवऱ्याची तसबीर नेत नाही. चिन-फंगने तो खिळा बघितला, मग माझ्याकडे बघितलं, आणि चहाचं आधण ठेवलं.

आम्ही तिथे पाच वाजेपर्यंत बसलो. पोलिसांत जायचं की नाही यावर आमचं तीनदा भांडण झालं आणि दर वेळी आम्ही बाजू बदलल्या. पाचला कुलपात किल्ली फिरली. आक्का आत आल्या, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात छत्री आणि माझी नोटीस.

‘ही कोणी लावली?’

‘मी.’

‘साडेदहा कोणत्या दिवसाचे? तारीख नाही, शिक्का नाही. असल्या नोटिशीने मी काच पण पुसणार नाही.’

‘आक्का, होतात कुठे तुम्ही?’ माझा आवाज चढला. करारभंग झाला, पण चढला.

त्या बूट काढत बसल्या. एक बूट काढून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, घर बघायला गेले होते. तुला तोंडाने सांगवत नव्हतं, म्हटलं आपणच सोय करावी. दोन दिवस हिंडल्या, एक रात्र देवळाच्या धर्मशाळेत काढली. पाच घरं बघितली, म्हणजे पाच दारं बघितली, कारण वय सांगितल्यावर दाराच्या आत कोणी घेतलंच नाही. एका दलालाने विचारलं, ‘आजी, तुम्ही गेलात तर न्यायला कोण येईल?’

‘मग तुम्ही काय म्हणालात?’ चिन-फंगने विचारलं.

‘म्हटलं, तुला त्रास नको, मी चालत जाईन.’

चिन-फंग हसली आणि लगेच तिचे डोळे भरले. मी हसलो नाही, कारण आक्का माझ्याकडे बघत होत्या.

‘लान,’ (त्या मला आडनावानेच हाक मारतात) ‘तुला मला काढायचं होतं का?’

‘नव्हतं.’

‘मग दाजींना काय उत्तर लिहिलंस?’

‘काहीच नाही.’

‘तेच तर,’ आक्का म्हणाल्या, आणि पिशवीतून तसबीर काढून खिळ्याला लावायला निघाल्या. त्यांचा हात पोचेना. मी उठून लावली. वाकडी लागली. तीनदा सरळ करायला लावली.

त्यानंतर मी जे केलं ते तुम्हाला आवडणार नाही. मी तिथेच म्हणालो, ‘आक्का, पाच वर्षांचा करार करू.’ मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. त्या म्हणाल्या, ‘चौऱ्याऐंशीपर्यंत बांधून घेणाऱ्या घरमालकाचा मला संशय येतो. भाडं वाढवायचं असेल तर सरळ बोल.’ शेवटी घासाघीस करून दोन वर्षांवर आलो. दोन्हीकडून कोण कशासाठी घासाघीस करत होतं ते मला अजून उलगडलेलं नाही. नवी अट एकच. रोज सकाळी आठला आक्का आमच्याकडे फोन करणार, मी ‘हो’ म्हणणार, त्या ठेवणार. फोन आला नाही तर मी नोटीस न देता आत जायचं. पुढे काय झालं तर जे दिसेल ते लवकर दिसेल आणि नीट होईल, घराला नाव पडणार नाही, असं त्या म्हणाल्या. त्यांच्या सात खोल्यांत दोन खलाशी गेले होते आणि एकही खोली रिकामी राहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी चिन-फंगने डुकराच्या पायाचा रस्सा आणि शेवया करून नेल्या, अपशकुन धुऊन जावा म्हणून. तिघंही पोटभर जेवलो.

व्यवस्था चांगली चालली आहे. फक्त गेल्या सोमवारी मी अंघोळीला होतो, चिन-फंग बाजारात, फोन कोणी घेतला नाही. साडेआठला आक्का कुलूपवाल्याला घेऊन आमच्या दारात. मी टॉवेलवर. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, कुलूपवाल्याला म्हणाल्या, ‘जिवंत आहे,’ आणि गेल्या. कुलूपवाल्याचे येण्याचे पैसे मी दिले. आता घरमालक कोण, भाडेकरू कोण, आणि कोण कोणावर लक्ष ठेवतंय, हे तुम्ही अनुभवी आहात, तुम्हीच मला समजावून सांगावं.

गुडघा जपा. ताईला सांगा डब्याची खरंच घाई नाही.

तुमचा गोंधळलेला, पण कोरड्या भिंतीचा मेहुणा,
शी-मू

ता. क. घर घेताना निम्मे पैसे तुम्ही घातले होते आणि घर निम्मं तुमच्या नावावर आहे, हे मी पत्रभर विसरल्यासारखं केलं, त्याबद्दल क्षमा असावी. दोन वर्षांच्या करारावर तुमचाही शिक्का लागतो. करार सोबत जोडला आहे. तिसऱ्या पानावर पेन्सिलने गोल केलाय तिथे मारावा. पहिली दोन पानं वाचण्याची तशी आवश्यकता नाही.

आणखी ता. क. सोबतचा करार सोबत नाही. आक्कांनी पाकिटातून काढून घेतला. शिक्का समोर मारलेलाच खरा, पोस्टाने आलेला कोणीही मारतो, असं त्या म्हणतात. त्या शनिवारी दुपारच्या गाडीने लोतुंगला येत आहेत. मीही येतोय, पिशवी धरायला. तुम्हाला काही काम निघणार असेल तर शनिवारीच निघावं असं मला वाटतं. पुढचं तुम्ही बघा.

दाजी, मी चिन-फंग. हे पाकीट चिकटवायला माझ्याकडे देऊन झोपलेत, म्हणून दोन शब्द. ह्यांना माहीत नाही, पण आक्का शिक्क्यासाठी येत नाहीयेत. त्या दोन दिवस हिंडल्या ते तुमच्या लोतुंगलाच. ज्या पाच दारांतून त्यांना परत पाठवलं त्यातली तीन तुमच्या भाड्याच्या घरांची निघाली. दलालाने मालकाचं नाव सांगितलं होतं आणि आडनावावरून त्यांनी माझ्याकडून खात्री करून घेतली. दलालाकडे त्यांना दोन विधवा बहिणी भेटल्या, एक बहात्तर, एक शहात्तर, त्यांनाही तुमच्याच दारांतून परत पाठवलेलं. त्या दोघी शनिवारी स्टेशनवर थांबणार आहेत, तुमच्याकडे घर मागायला आक्कांबरोबर येतील. हे म्हणतात तुम्ही घरी राहू नये. मी म्हणते राहा, कारण आक्का दुसऱ्या गाडीनेही येतात. त्यांनी काल मला तुमचं वय विचारलं. मी खरं ते सांगितलं, चौऱ्याहत्तर. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, ‘अरेरे. त्याला घर कोण देणार?’